अर्धविरामांचे एक्केचाळीस अर्ज

आमच्या कार्यालयात नव्या माणसाला टोपणनाव मिळायला आठवडा पुरतो. बाकीची कामं रखडतील, पण या बाबतीत आमचा उरक दांडगा. आमच्यातल्या एका गृहस्थांना मात्र सव्वीस वर्षं टोपणनाव नव्हतं. माणूस इतका बेताचा, की नाव टांगायला खुंटीच सापडेना. उंची बेताची, आवाज बेताचा, आणि राग तर इतका बेताचा की तो येऊन गेला हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं. मग कार्यालयात डेटाबेस आला आणि पंधरा दिवसांत त्यांचं नाव पडलं: अर्धविराम.

आमचं खातं निवासांचं. ज्या मोठ्या माणसांना स्वतःचं स्वतः करता येत नाही आणि ज्यांचं करणारे आता स्वतःच थकलेत, अशांना ठेवून घेणारी ही निवासं. खाटा थोड्या, माणसं फार. म्हणून खिडकीवर अर्ज घ्यायचा, क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाने खाट. अर्धविराम त्या खिडकीत बसत. मी शेजारच्या टेबलावर, आवक-जावकला. येणारी पत्रं येऊ द्यायची, जाणारी जाऊ द्यायची. माझं कर्तृत्व म्हणाल तर मी मधे येत नाही, एवढंच.

पूर्वी हे सगळं एका जाड वहीत असे. त्या वहीला एक रोग होता. एखाद्या वजनदार माणसाचा नातेवाईक निघाला की एकशेबारा आणि एकशेतेरा यांच्या मधल्या फटीत मुंगीएवढ्या अक्षरात एक नाव उगवायचं. एकशेबारा-अ. एकदा तर एकशेबारा-अ आणि एकशेतेराच्या मधे एकशेबारा-ब सुद्धा अंग चोरून बसलं होतं. ही नावं अर्धविरामांना स्वतःच्या हाताने लिहावी लागत. लिहून झालं की ते उठायचे, नळाखाली हात धुऊन यायचे आणि निमूट पुढच्या माणसाला "या" म्हणायचे.

त्यामुळे यंत्र स्वतः क्रमांक देणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद झाला तो आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला. आनंदाच्या भरात त्यांनी आयुष्यातलं एकमेव टिपण लिहून वर पाठवलं: 'क्रमांक यंत्रानेच द्यावा. कोणत्याही कारणास्तव तो हाताने देऊ नये.' मुख्य कार्यालयाला ते इतकं आवडलं की त्याचं परिपत्रक झालं. परिपत्रक त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. दुसऱ्या कुणी बायकोचा फोटो ठेवला असता.

डेटाबेस शिकवायला वरून एक मुलगी दोन दिवसांसाठी आली. चौकटी-बिवकटी असलेला छान पडदा नंतर येणार होता, तोवर सगळं संगणकावरच्या काळ्या खिडकीत टाइप करायचं. ती पटापट बोलायची आणि अर्धविराम सावकाश लिहून घ्यायचे. ती त्यांना "काका" म्हणे, ते तिला "मास्तरीणबाई" म्हणत. दोन दिवसांत त्यांनी एक छोटी वही भरली आणि मग ती आम्हा सर्वांना, विचारलं नसताना, वाचून दाखवायला सुरुवात केली.

पहिलं पान: 'वाक्य संपलं की अर्धविराम. तो दिला नाही तर यंत्र वाट पाहतं. ते बिघडलेलं नसतं.' हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी कमांड लिहिली, एंटर दाबलं आणि समोर चाळीस मिनिटं हात जोडल्यासारखे बसून राहिले. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "विचार करतंय ते. मधे बोलणं बरं दिसत नाही." अर्धविराम दिल्याबरोबर यंत्र धडाधड बोलायला लागलं. "नीट पाहा," ते मला म्हणाले, "वाक्य अपुरं असलं की ओळीच्या सुरुवातीची खूण बदलते. बरोबरच्या चिन्हाऐवजी वजाचं येतं. म्हणजे चूक त्याची नाही, आपलंच बोलणं संपलेलं नाही." पुढे जो भेटेल त्याला ते "अर्धविराम दिलात का?" असं विचारत सुटले. चहा आणून देणाऱ्या बाईंनासुद्धा विचारलं. नाव काही आम्ही शोधून काढलेलं नाही, त्यांनीच ते घरपोच दिलं.

दुसरं पान: 'यादी लांब असली की खाली शेवट असं येतं आणि खिडकी हलत नाही. घाबरू नये. क्यू दाबावा.' तिसरं: 'वरचा बाण दाबला की जुनी कमांड परत येते. वाचल्याशिवाय एंटर दाबू नये. जुनी आहे म्हणून ओळखीची समजू नये.' चौथं: 'बदलण्याआधी पाहावं. ज्या अटीने बदलायचं त्याच अटीने आधी सिलेक्ट करावं. किती ओळी आल्या ते मोजावं. मगच अपडेट.' पाचवं: 'बदल करताना आधी बिगिन म्हणावं. मन खात्रीचं झालं की कमिट म्हणून पक्कं करावं, नाहीतर रोलबॅक म्हणून मागे फिरावं. बिगिन म्हटलं तरच कमिट लागतं.'

या शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. त्या दिवशी ते वाक्य खरं होतं.

सहाव्या पानामागे तर एक छोटं आख्यान आहे. ज्यांच्या घरचा फोन नोंदलेला नाही असे अर्जदार त्यांनी शोधायला घेतले. फोन बरोबर नल, अशी अट लिहिली. नल म्हणजे यंत्राच्या भाषेत 'माहीत नाही'. उत्तर आलं, शून्य ओळी. "सगळ्यांचे फोन आहेत," त्यांनी मॅडमना आनंदाने सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुख. मॅडमनी तसं वर कळवलं. प्रत्यक्षात निम्म्यांचे नव्हते. मास्तरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, माहीत नाही हे कशाच्याच बरोबर नसतं. दुसऱ्या माहीत नाहीच्याही नाही. तिथे बरोबरचं चिन्ह चालत नाही, 'इज नल' असं विचारायचं." अर्धविरामांनी ते लिहून घेतलं. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई बोलल्या ते खरं आहे. पण ऐकून बरं नाही वाटलं."

आता त्यांच्या घरचं सांगतो. मूल नाही. घरात ते, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा. लहानपणी कसल्याशा तापात दादांचं वय पाचावर थांबलं आणि शरीर मात्र वाढत राहिलं. आज दादा त्रेसष्ट वर्षांचे आहेत, वजन अठ्ठ्याऐंशी किलो. खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हात करतात. एखाद्या चालकाने उलट हात केला की संध्याकाळपर्यंत तेच सांगतात. वहिनी एकतीस वर्षांपूर्वी त्या घरात आल्या, तेव्हापासून दिराची अंघोळ, दाढी, जेवण, कपडे सगळं त्यांच्याकडे. गेल्या वर्षी त्यांच्या कण्यातल्या दोन चकत्या सरकल्या. डॉक्टरांनी लिहून दिलं, पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. उरलेले त्र्याऐंशी किलो कुणी उचलायचे हे काही त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

"तुम्ही अर्ज का करत नाही?" मी कितीदा विचारलं. ते म्हणायचे, "खाट रिकामी होते ती आतलं कुणीतरी गेल्यावर. मी इथे बसून कुणाच्या जाण्याची वाट पाहू?" नंतर बातमी आली की निवासाला नवा विभाग जोडणार. साठ नव्या खाटा. कुणी जायची वाट नाही. आमच्या यादीत थांबलेले तर फक्त चोवीस होते; बाकीचे खाट मिळून किंवा वाट पाहून थकून यादीतून गेले होते.

पण त्याआधी अपडेटचा एक प्रसंग घडला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घर बदललं होतं. अर्धविरामांनी कमांड लिहिली: पत्ता हा करा. आणि हाताला सवय अशी लागलेली, की तिथेच अर्धविराम देऊन एंटर दाबलं. कुणाचा पत्ता, ही अट पुढच्या ओळीवर लिहायची राहिली. त्या दिवशी बिगिनही म्हटलं नव्हतं, समोर रांग होती. यंत्राने उत्तर दिलं: अपडेट सहाशे सतरा. यादीच्या पहिल्या दिवसापासूनची सहाशे सतरा माणसं एका क्षणात त्या बाईंच्या दीड खोलीत राहायला गेली.

आम्ही हसून हसून बेजार. अर्धविराम पांढरेफटक. मास्तरीणबाईंनी आदल्या दिवशीच्या प्रतीवरून सगळं परत बसवलं आणि फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी सेटिंगमध्ये दोन ओळी टाकून देते. आता काहीही केलंत तरी ते लगेच पक्कं होणार नाही, चुकलात तर मागे फिरता येईल. फक्त शेवटी..." आणि लाइन खरखरली. 'शेवटी कमिट करायला विसरू नका' असं त्या म्हणाल्या, असं त्या सांगतात. अर्धविरामांनी ऐकलं ते मागे फिरता येईल, एवढंच. घाबरलेल्या माणसाला तेवढंच ऐकायचं असतं.

त्यानंतर त्यांनी दुरुस्त्यांना हातच लावला नाही. दुरुस्तीचे कागद एका ट्रेमध्ये साठवले, 'धीर आल्यावर करू' म्हणून. फक्त नवे अर्ज भरायचे. नव्या अर्जाला बिगिन लागत नाही, म्हणजे कमिट लागत नाही, हे वहीत दोन रेघांनिशी लिहिलेलं होतं. काळी खिडकीही ते कधी बंद करत नसत. यंत्रावर चिठ्ठी होती: 'बंद करू नये.' त्या खिडकीत ओळीच्या सुरुवातीला आता एक बारीकशी चांदणी दिसायला लागली होती. मी विचारलं, ही कशाची? ते समाधानाने म्हणाले, "सुरक्षा चालू आहे त्याची खूण."

ती चांदणी म्हणजे, काम पक्कं केलेलं नाही, अशी यंत्राची सूचना होती. तेवीस दिवस ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

त्या तेवीस दिवसांत एक्केचाळीस अर्ज आले. सहाशे अठरापासून सहाशे अठ्ठावन्नपर्यंत. दर अर्जाला यंत्र क्रमांक द्यायचं, अर्धविराम तो चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात ठेवायचे आणि वर सांगायचे, "या वेळी नक्की होईल." सव्वीस वर्षांत हे वाक्य उच्चारायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. शेवटचे पाच सोडले तर ते प्रत्येकाला दोनदा सांगत.

तिसऱ्या दिवशी रांगेत वहिनी उभ्या राहिल्या. घरून अर्ज भरून आणला होता. नंबर आला तेव्हा अर्धविरामांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा अगदी कार्यालयीन झाला.

"अर्जदाराचं नाव?"

"तुमचे दादा."

"पूर्ण नाव सांगा. संबंध?"

"दीर लागतात माझे. तुमचे कोण लागतात तेही लिहायचं का?"

"त्याचा रकाना नाही. सांभाळणाऱ्याची अडचण?"

"कंबर. आणि नवरा."

मागची माणसं हसली. अर्धविरामांनी 'कंबर' एवढंच लिहिलं. यंत्राने सहाशे सव्वीस दिला. चिठ्ठी घेताना वहिनींनी विचारलं, "नक्की ना?" ते म्हणाले, "चोवीस जुने आणि हा नववा. तेहेतिसावा नंबर, खाटा साठ. सैल हाताने मोजलं तरी बसतो." वहिनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवून कमरेवर हात धरत पायऱ्या उतरल्या. मी अठरा वर्षं त्यांना ओळखतो, पण त्यांना गुणगुणताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

एक तारखेला मुख्य कार्यालयाने यंत्रातून यादी काढली. पाच तारखेला पत्र आलं. आवक माझ्याकडे, म्हणून ते मीच फोडलं. चोवीस नावं होती. खाली लिहिलं होतं: 'आपल्या यादीत आणखी अर्जदार नसल्याने उर्वरित छत्तीस खाटा दुसऱ्या विभागाच्या यादीस देण्यात येत आहेत. यादीच्या तारखेपूर्वी क्रमांक मिळालेल्यांना सात दिवसांत हरकत घेता येईल.'

अर्धविरामांनी ते दोनदा वाचलं आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"चोवीस नाहीत हो, पासष्ट आहेत," ते म्हणाले.

"आमच्याकडे चोवीस दिसतात."

"मी आत्ता समोर पाहतोय. पासष्ट ओळी."

"साहेब, डेटाबेस एकच आहे. तुमच्याकडे वेगळा कसा दिसेल?"

"मग तुम्ही नीट पाहा ना."

"आम्ही नीटच पाहतोय. तुम्ही पाहा."

दहा मिनिटं हे चाललं. दोघंही खरं बोलत होते. पक्कं न केलेलं काम ज्याने केलं त्याला दिसतं, बाकी जगाला दिसत नाही. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की एक भला माणूस फोन कानाला लावून घामाघूम झालाय. आणि मी, ज्याची सगळी नोकरी मधे न येण्यात गेली, तो मी मधे आलो. म्हटलं, "अहो, ती खिडकी महिनाभर उघडी आहे. तिचंच डोकं फिरलं असेल. बंद करून परत उघडा."

एरवी त्यांनी माझं कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, सिलेक्ट लिहिलं, अर्धविराम दिला.

चोवीस ओळी.

त्यांनी फोनवर फक्त "हो, चोवीसच" म्हटलं आणि ठेवला.

मास्तरीणबाई तासाभरात फोनवर आल्या. त्यांचाही आवाज बसला होता. खिडकी बंद करण्याआधी नुसतं कमिट म्हटलं असतं तर सगळे एक्केचाळीस जुन्या क्रमांकांनिशी पक्के झाले असते, आणि हरकतीचे सात दिवस हातात होते. आता ते कुठेच नाहीत. "पण क्रमांक?" अर्धविरामांनी विचारलं. "क्रमांक यंत्राने दिले ते दिले, काका. नोंद पुसली गेली तरी क्रमांक परत घेत नाही ते. पुढचा अर्ज भराल त्याला सहाशे एकोणसाठ मिळेल." त्यांनी भरून पाहिला नाही. नुसती यादी पाहिली. सहाशे सतराला ती संपत होती, आणि त्यापुढे एक्केचाळीस माणसांची रिकामी जागा होती. माणसं चिठ्ठ्या घेऊन घरी बसली होती.

सहा तारखेला मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मॅडम कडक बाई, पण आतून मेणाच्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अर्धविरामांकडे न पाहता म्हणाल्या, "कागद सगळे आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत. चिठ्ठ्यांच्या स्थळप्रतीही आहेत."

"क्रमांक हाताने लिहून नोंद घालता येते का त्या यंत्रात?"

"येते. यंत्र अडवत नाही. परिपत्रक अडवतं."

"मी पंधरा मिनिटं बाहेर जाऊन येते," मॅडम म्हणाल्या. "मला त्या काळ्या खिडकीतलं काही कळत नाही. हे मी लेखी द्यायला तयार आहे."

मॅडम पंधरा मिनिटांचे दोन तास करून आल्या. तेवढ्यात अर्धविरामांनी बिगिन म्हटलं आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नोंदी जुन्या क्रमांकांनिशी टाइप केल्या. एकही चूक नाही. मग सिलेक्ट. पासष्ट ओळी. सगळे आपापल्या जागी येऊन बसले होते, सहाशे सव्वीसही.

"म्हणा कमिट," मी म्हटलं.

"सहाशे सव्वीस माझ्या घरचा आहे."

"मग तेवढा काढा. चाळीस तरी जाऊ देत."

त्यांनी की-बोर्डवरून हात उचलले. "आणि हिला काय सांगू? चाळीस जणांना बसवलं, तुझाच तेवढा खाली उतरवला?" मग म्हणाले, "आणि नाही उतरवला, तर मी पुन्हा तोच, मुंगीएवढी अक्षरं काढणारा."

"अहो, ही माणसं खरी आहेत. यांना खरंच क्रमांक मिळाले होते."

"एकशेबारा-अ पण खराच माणूस होता. त्यालाही गरज होती. मी त्याच्या घरी जाऊन आलो होतो एकदा." त्यांनी काचेखालच्या परिपत्रकावर बोट ठेवलं. "विचारून करू. सात दिवस आहेत. सगळं खरं लिहितो. वरची माणसंही माणसंच आहेत."

त्यांनी रोलबॅक लिहिलं. अर्धविराम दिला.

पत्र त्यांनी चार पानी लिहिलं. चांदणीचं लिहिलं, फोनच्या खरखरीचं लिहिलं, स्वतःची चूक लिहिली, माझी लिहिली नाही. एक्केचाळीस स्थळप्रती जोडल्या. 'सहाशे सव्वीस माझा सख्खा भाऊ आहे, तो वगळायचा असल्यास वगळावा,' हेही लिहिलं. जावक क्रमांक मी घातला. जाऊ दिलं.

उत्तर सहाव्या दिवशी आलं, पाच ओळींचं. 'हस्तलिखित चिठ्ठी हा क्रमांकाचा पुरावा मानता येत नाही. परिपत्रकानुसार क्रमांक हाताने देता येणार नाही. सदर परिपत्रक आपल्याच टिपणावरून काढण्यात आले आहे, याकडे लक्ष वेधण्यात येते.' मॅडमनी फोन केला, तर कळलं की छत्तीसपैकी एकोणतीस खाटांवर दुसऱ्या विभागाची माणसं येऊन झोपलीसुद्धा होती. त्यांचंही करणारं कुणीतरी थकलेलं असणारच. त्यांना उठवा म्हणायला मॅडमचीही जीभ रेटली नाही.

अर्धविरामांनी एक्केचाळीस अर्ज नव्याने भरले. सहाशे एकोणसाठ ते सहाशे नव्व्याण्णव, त्याच क्रमाने. दर अर्जानंतर कमिट. खाट एकही नव्हती. आता पुन्हा आतलं कुणी जायची वाट.

मग त्यांनी ठरवलं, हे पत्राने कळवायचं नाही. कार्यालय सुटल्यावर रोज तीन-चार घरं, उजेड असेपर्यंत. मी बरोबर जात असे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती खिडकी बंद करायला मी सांगितलं होतं, एवढं कारण मला पुरत होतं. दारात उभं राहून ते तेच सांगायचे: चूक माझी आहे, हा नवा क्रमांक, कधी होईल सांगता येत नाही. एका घरी दार लावून घेतलं. एका बाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार," तेव्हा ते सगळ्यांत जास्त खचले. एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांची चाळीस वर्षांची मुलगी आतल्या खोलीत जमिनीवर बसून चमच्याने ताट वाजवत होती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी, मॅडम बाहेर गेल्या तेव्हा, आमची नावं परत बसली होती?" त्यांनी विचारलं. हेही अर्धविरामांनी सांगितलं होतं. गरज नव्हती.

"बसली होती."

"आणि तुम्ही एक शब्द लिहिला असता तर राहिली असती?"

"हो. राहिली असती."

"मग का नाही लिहिला, साहेब?"

अर्धविरामांनी नव्या क्रमांकाची चिठ्ठी पुढे केली. पोस्टमन म्हणाले, "मी अडतीस वर्षं टपाल वाटलं. पत्ता अर्धा असला तरी पत्र पोचवायचो. नियमात बसत नव्हतं ते." एवढं बोलून ते आत गेले आणि मुलीच्या हातातला चमचा काढून घ्यायला लागले. ती सोडत नव्हती.

पायऱ्या उतरताना अर्धविराम म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे." मी म्हटलं, "तुमचंही बरोबर होतं." ते म्हणाले, "माझं बरोबर असून कुणाला काय मिळालं?"  कधी वाटतं, हा माणूस सरळ आहे. कधी वाटतं, स्वतःचे हात स्वच्छ ठेवायला ह्याने एक्केचाळीस घरं वापरली. दोन्ही एकाच दिवशी वाटतं.

चाळीस घरं झाली. एक्केचाळिसावं त्यांचंच. तीन आठवडे ते घरी "वर विचारलंय" एवढंच सांगत होते. "तुम्ही चला वर," जिन्यापाशी ते मला म्हणाले. मी गेलो.

दार उघडंच होतं. दादांची अंघोळ चालली होती. न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर दादा साबण लावून बसले होते आणि वहिनी भिंतीला पाठ टेकून, एक पाय उंबऱ्यावर ठेवून, तांब्याने पाणी घालत होत्या. कमरेला रुंद पट्टा. दादांनी मला पाहून हात केला. मीही केला. ते खूश झाले.

"आलं का उत्तर?" वहिनींनी विचारलं.

"आलं. येऊन दोन आठवडे झाले," अर्धविराम म्हणाले. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चांदणी, खिडकी, बिगिन, रोलबॅक. मॅडम बाहेर गेल्या तेही. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. वहिनी पाणी घालत ऐकत होत्या. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून दादांच्या कपाळावर त्यांनी हाताचा आडोसा धरला होता.

"सव्वीस नंबर होता तो समोर दिसत होता तुम्हाला?"

"सहाशे सव्वीस. दिसत होता."

"आणि तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलात."

"विचारून करू म्हटलं."

वहिनींनी तांब्या बादलीत सोडला. "तुमची शिस्त तुमच्या वहीत नाही राहत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ती माझ्या कमरेवर बसते. एकतीस वर्षं बसलीय. मला वाटलं, आता उतरतेय."

 दादांनी एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि उठायची वेळ झाली असं समजून दोन्ही हात वर केले.

"आता कितवे आपण?" वहिनींनी विचारलं.

"नववे. पण खाट नाही. वर्षाला तीन-चार रिकाम्या होतात."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं, आणि मोजणं मधेच सोडून दिलं. कमरेचा पट्टा एका हाताने घट्ट ओढला.

"या मग," त्या म्हणाल्या. "त्या बाजूने काखेत हात घाला. आणि आधी चपला काढा, फरशी निसरडी आहे."

अर्धविरामांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि आत गेले. माझ्या हातात वहिनींनी टॉवेल दिला होता. दोघांनी दोन बाजूंनी दादांना धरलं आणि वर घेतलं. वहिनींच्या तोंडून आवाज निघाला, तो त्यांनी ओठ मिटून अर्ध्यावर धरला.